चिकाटी आणि वाढ : मराठी मिशनच्या पहिल्या पर्वाची चिकित्सा

(मेहरूण, जळगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय ऐकून काहींच्या मनात आलं असेल की तत्त्वज्ञानाचा मास्तर मिशनऱ्यांच्या वाटेला कशाला गेला? ते इतिहासवाल्यांचं काम. बरोबर आहे. पण इतिहासात एक वाक्य इतक्या वेळा आणि इतक्या सहज लिहिलं जातं की त्याची तपासणी तर्कशास्त्राने करावी लागते. ते वाक्य असं : 'त्यांनी चिकाटी धरली, म्हणून काम वाढलं.' मिशनऱ्यांच्या चरित्रांत हे वाक्य आहे, सहकारी चळवळीच्या स्मरणिकांत आहे, शिक्षणसंस्थांच्या सुवर्णमहोत्सवी अंकांत आहे. आपण मुलांना रोज ऐकवतो तेही हेच. आज मी हे वाक्य अमेरिकन मराठी मिशनच्या उदाहरणावर घासून बघणार आहे. तिथे चिकाटी खरोखर होती आणि वाढही खरोखर झाली. प्रश्न आहे तो मधल्या 'म्हणून'चा.

आधी हकीकत थोडक्यात सांगतो.

फेब्रुवारी १८१२ मध्ये अमेरिकेत सेलम गावी पाच तरुणांना परदेशी धर्मप्रचारासाठी दीक्षा मिळाली. गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट, सॅम्युएल न्यूएल, अडोनिराम जडसन आणि ल्यूथर राइस. ही मंडळी कलकत्त्याला पोचली. पण ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. व्यापारात धर्माची भानगड नको, हा कंपनीचा हिशेब. त्यातच इंग्लंड-अमेरिका युद्ध सुरू झालं, म्हणजे हे आता शत्रूराष्ट्राचे नागरिक. बाहेर पडण्याचा हुकूम सुटला. न्यूएलची बायको हॅरिएट त्याच वर्षी मॉरिशसला वारली, वय अवघं एकोणीस. हॉल आणि नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले. तिथेही हद्दपारीचा हुकूम पाठीवर होताच. एकदा दोघे गुपचूप निसटून कोचीनपर्यंत गेले, तिथून त्यांना परत आणलं गेलं. अर्जावर अर्ज झाले. गव्हर्नर इव्हान नेपियन मनाने अनुकूल होता, तिकडे १८१३ च्या सनदेने कंपनीचं धोरणही सैल केलं, आणि अखेर राहायची परवानगी मिळाली.

मग काम सुरू झालं. मराठी शिकले. रस्त्यावर, बाजारात, देवळापाशी बोलू लागले. शाळा काढल्या. १८१७ साली स्वतःच्या छापखान्यातून मराठी छपाई सुरू केली. आणि माणसं? नॉट प्रकृतीमुळे १८१५ सालीच परतला. न्यूएल १८२१ साली मुंबईत पटकीने गेला. हॉल मार्च १८२६ मध्ये नाशिकच्या दौऱ्यावरून परतत असताना धोडी-दापूरजवळ पटकीनेच गेला. वय एक्केचाळीस. त्याच वर्षी मराठी नवा करार छापून पुरा झाला.

आता धर्मांतरांचा हिशेब. हॉल आणि न्यूएल यांनी १८१८ साली एक पुस्तिका प्रसिद्ध केली होती. तिच्या नावातच साठ कोटींचा आकडा आहे. जगातल्या साठ कोटी बिगरख्रिस्ती लोकांचा आपल्यावर हक्क आहे, असा तिचा मथळा. त्यानंतर १८१९ साली मुंबईत पहिला बाप्तिस्मा झाला. एक! तोही कुणा मराठी माणसाचा नव्हे, हैदराबादकडच्या एका मुसलमान गृहस्थाचा. सहा वर्षांनी एक, आणि डोळ्यांपुढे साठ कोटी. हॉल गेला तेव्हाही मिशनने मिळवलेले धर्मांतरित हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच होते.

चिकाटी म्हणावी तर ही. तिला मी मनापासून नमस्कार करतो. उपहास करण्यासाठी मी इथे उभा नाही. बावीस-पंचवीस वर्षांची मुलं घर सोडतात, भाषा शिकतात, बायकामुलं पुरतात आणि तरी सकाळी उठून बाजारात जाऊन बोलतात. ज्याला हे लहान वाटतं त्याने आयुष्यात काही धरून ठेवलेलं नाही, एवढंच मी म्हणेन.

पण नमस्कार केला म्हणजे चिकित्सा थांबत नाही.

'चिकाटी म्हणून वाढ' या वाक्यात तर्काचे दोन दोष आहेत. पहिला सगळ्यांना ठाऊक असतो, पण लागू करायला आपण विसरतो. आपण चरित्रं कुणाची वाचतो? ज्यांचं काम पुढे वाढलं त्यांची. तेवढीच चिकाटी धरून ज्यांच्या पदरी काही पडलं नाही त्यांची चरित्रं लिहिली जात नाहीत. मग वाचणाऱ्याला वाटतं, चिकाटी असली की फळ येतंच. याला एक ठळक अपवाद मुंबईतच आहे. जॉर्ज बोवेन १८४८ साली आला. मिशनचा पगार सोडला, गरीब वस्तीत राहिला, चाळीस वर्षांत एकदाही मायदेशी गेला नाही आणि १८८८ साली इथेच वारला. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी वाद घालत होते, त्या वादाचा वृत्तान्त पुस्तकरूपाने काढला तो याच बोवेनने. प्रतिपक्षाचं म्हणणं छापण्याएवढा सरळ माणूस. पण गर्दी त्याच्या मागे कधी आली नाही. मग त्याची चिकाटी हॉलपेक्षा कमी होती का? हॉलची जडसनपेक्षा कमी होती का? तो जडसन, त्याच तुकडीतला, ब्रह्मदेशात गेला. त्यालाही पहिला अनुयायी मिळायला सहा वर्षं लागली, तेही १८१९ सालीच. पुढे ब्रह्मदेशात मोठी वाढ झाली, पण ती ज्यांच्यासाठी जडसन भाषा शिकला त्या बौद्ध बर्मी लोकांत नव्हे, डोंगरातल्या करेन लोकांत.

इथे दुसरा दोष दिसतो, आणि तो जास्त महत्त्वाचा आहे. वाढ झाली ती ठरवलेल्या जागी झालीच नाही. म्हणजे 'क्ष'साठी चिकाटी धरली आणि 'य' वाढलं. नंतर आपण 'य' दाखवतो आणि म्हणतो, बघा, चिकाटीचं फळ! मोजमापाची पट्टी मधेच बदलली, हे सांगत नाही.

मराठी मिशनमध्ये 'य' कुठे कुठे वाढलं ते पाहू.

पहिली जागा छापखाना. बायबल आणि पत्रकं घराघरांत जावीत म्हणून तो आला. तो छापखाना बघून गणपत कृष्णाजींनी आपला छापखाना उभारला आणि १८३१ साली पहिलं छापील मराठी पंचांग काढलं. मिशनच्याच छापखान्यात लहानपणी काम शिकलेले जावजी दादाजी. त्यांनी पुढे निर्णयसागर काढला, आणि संस्कृत ग्रंथ देशभर पोचवले ते निर्णयसागरच्या सुबक टायपाने. विचार करा, हॉलला हे कुणी १८१७ साली सांगितलं असतं की तुझ्या यंत्रामुळे घरोघर पंचांग जाईल, वेद-काव्य-शास्त्र छापून निघेल, तर त्याने यंत्र मागवलं असतं का?

दुसरी जागा शाळा. मिशनच्या शाळांत पंतोजी बहुतेक हिंदूच असत. दुसरे मिळणार कुठून? लोक मुलं पाठवत ती लिहिण्या-वाचण्यासाठी. धर्माची बाब आली की शाळा ओस पडत. मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी १८३९ साली बाप्तिस्मा घेतला, तर पालकांनी भराभर मुलं काढून नेली. १८४३ साली श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाचं प्रकरण झालं. तो मिशनऱ्यांकडे गेला, कोर्टाने घरी पाठवला, आणि त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी खटपट केली. त्याचा थोरला भाऊ नारायण मात्र ख्रिस्तीच राहिला आणि पुढे जालन्याला जाऊन मांग-महारांत काम करत राहिला. एकाच घरातले दोघे, कानावर पडलेलं प्रवचन एकच, वाटा दोन.

आणि शाळेचं सगळ्यांत मोठं फळ? सिंथिया फॅरार ही बिनलग्नाची बाई १८२७ साली मुंबईत आली आणि पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिली, १८६२ साली मरेपर्यंत. पस्तीस वर्षं! तिची नगरची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. मिशनऱ्यांविषयी त्यांनी कृतज्ञतेने लिहिलं आहे. पण बाप्तिस्मा घेतला नाही. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज काढला. म्हणजे त्यांनी शाळा घेतली, समतेचा मुद्दा घेतला, आणि बाकीचं नम्रपणे ठेवून दिलं. निवड कुणी केली? फॅरारबाईंनी नाही. जोतीरावांनी केली.

तिसरी जागा खुद्द मंडळी, म्हणजे चर्च. मिशनऱ्यांचा पहिला डोळा शहरातल्या शिकलेल्या वर्गावर होता. वर पटलं की खाली झिरपेल, हा त्या काळचा सर्वमान्य हिशेब. तो चुकला. १८३१ साली मिशनने नगरला ठाणं केलं, आणि खरी वाढ झाली ती १८५० नंतर, नगरच्या आसपासच्या खेड्यांत, मुख्यतः महारवाड्यांत. का? तंबू ठोकून मिशनरी गावोगाव फिरले, हे एक कारण. दुसरं असं की वाणी-शेतकऱ्यांच्या सोयरिकी जशा गावोगाव असतात तशा महारांच्याही होत्या. एका गावचा जावई ख्रिस्ती झाला की ती बातमी त्याच्या सासुरवाडीला पायी पोचे. मिशनऱ्याला तिथे जायला सहा महिने लागत. आणि तिसरं कारण सर्वांत मोठं : त्या माणसाला गावात चावडीवर बसायची जागा नव्हती. इथे कुणीतरी त्याला खाली बसवून वाचायला शिकवत होतं.

हे वाचताना मला पहिल्या तीन शतकांचा ख्रिस्ती इतिहास आठवतो. रॉडनी स्टार्क नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९९६ साली एक साधं गणित मांडलं. इसवी सन ४० मध्ये हजारभर ख्रिस्ती धरा, दर दशकाला चाळीस टक्के वाढ धरा, म्हणजे वर्षाला साडेतीन टक्क्यांच्याही आत. इसवी सन १०० मध्ये किती होतात? साडेसात हजार. अख्ख्या रोमन साम्राज्यात साडेसात हजार! डोळ्यांना दिसणारसुद्धा नाहीत. पण इसवी सन ३०० मध्ये त्याच दराने साठ लाखांवर जातात. चक्रवाढ व्याज आहे हे. यासाठी चमत्कार लागत नाही, मोठमोठी प्रवचनं लागत नाहीत. लागतं काय? नातीगोती, शेजार, आणि साथीच्या दिवसांत पळून न जाता आजाऱ्याला पाणी देणारा माणूस. हा अंदाज आहे, जनगणना नाही, हे स्टार्कही मान्य करतो. पण त्याने दाखवलेली दिशा उपयोगी आहे.

अॅलन क्रायडर या अभ्यासकाने २०१६ साली आणखी एक गोष्ट दाखवली. त्या पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लेखकांनी धर्मप्रचार कसा करावा यावर ग्रंथ लिहिले नाहीत. टर्टुलियनने आणि सिप्रियनने लिहिलं ते धीरावर. धीर! म्हणजे घाई न करणं, जबरदस्ती न करणं, उत्तर आलं नाही तरी वागणं न बदलणं.

इथे माझ्या विषयाचा गाभा आहे. चिकाटी आणि धीर या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. चिकाटीला लक्ष्य असतं, धीराला समोरचा माणूस असतो. नुसती चिकाटी असली आणि धीर नसला, तर तिचा हट्ट व्हायला वेळ लागत नाही. हट्टी माणूस समोरच्याचा नकार म्हणजे अडथळा समजतो. धीर असलेला माणूस नकार म्हणजे उत्तर समजतो, आणि त्या उत्तरातून शिकतो.

मिशनऱ्यांत दोन्ही होते. काहींची पत्रकं वाचा, हिंदू देवदेवतांची टर उडवण्यापलीकडे त्यांत काही नाही. ती भाषा माणसं जोडणारी नव्हती. आणि काही जण ऐकायला शिकले. पण ऐकण्याची खरी परीक्षा झाली ती मिशनऱ्यांची नव्हे, मराठी ख्रिस्ती माणसांची.

आता नाव घेतो ते आपल्या सगळ्यांना जवळचं आहे. नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याआधी ऐंशी वर्षं मिशन काम करत होतं, आणि तरी मराठी माणसाच्या तोंडी बसेल अशी प्रार्थना मंडळीत फारशी नव्हती. इंग्रजी चालीवर मराठी शब्द बसवलेले असत. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तनाची वाट धरली होती. टिळकांनी अभंग आणला. ख्रिस्ताला ज्ञानोबा-तुकोबांच्या वाटेने बोलावलं. शेवटी १९१७ साली तर मिशनच्या नोकरीतून बाहेर पडून 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही जागा होती. दोन वर्षांत ते वारले. दरबार वाढला नाही. अभंग मात्र राहिले.

आणि या जळगावातच १९०७ साली कविसंमेलन भरलं होतं. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या पोराने तिथे कविता म्हटली आणि त्याला 'बालकवी' ही पदवी मिळाली. त्या पोराला टिळकांनी आपल्या नगरच्या घरी नेलं. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त तो घरच्या मुलासारखा वावरतो. त्याला ख्रिस्ती करायचं कुणी मनात आणलं नाही. तो कवी व्हायचा होता, कवीच झाला. १९१८ साली भादलीच्या स्टेशनावर रेल्वेखाली तो गेला, हे तुम्हांला मी सांगायला नको. मिशनच्या कोणत्या अहवालात हे घर 'वाढ' म्हणून नोंदवायचं? कुठल्याच रकान्यात बसत नाही. मला मात्र शंभर वर्षांच्या मराठी मिशनमधलं ते एक मोठं यश वाटतं.

आपल्या मेहरूणची बोरं प्रसिद्ध आहेत. बोराची चांगली जात बी टाकून येत नाही, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. गावठी बोरीच्या खुंटावर डोळा भरावा लागतो. मूळ इथलं असतं, आणि किती घ्यायचं ते तो खुंट ठरवतो. धर्मप्रचाराच्या साहित्यात सगळीकडे पेरणाऱ्याची उपमा आहे. तिच्यात जमीन गप्प असते. खुंट गप्प नसतो.

आणि म्हणून मला त्या दुसऱ्या बाजूचीही चिकित्सा करायची आहे. मिशनरी म्हणतात, आमच्या चिकाटीने वाढलं. मिशनचे विरोधक म्हणतात, लालूच दाखवून वाढलं, दुष्काळात धान्य देऊन वाढलं. दोघांचं भांडण मोठं आहे, पण एका बाबतीत दोघांचं एकमत आहे, की धर्म बदलणाऱ्याने स्वतः काही विचार केला नाही! एकाच्या मते तो पेरलेली जमीन, दुसऱ्याच्या मते तो विकलेला माल. दुष्काळात मदत झाली, आणि त्या मदतीबरोबर माणसं मंडळीत आली, हे खरं आहे. ते नाकारायचं कारण नाही. पण भुकेल्या माणसालाही बुद्धी असते. तो धान्य कुणी दिलं हे बघतो, तसं कुणी दिलं नाही हेही बघतो. ते दुसरं त्याला काय शिकवतं, याचा हिशेब आपण करत नाही.

धर्म बदलणाऱ्याचा स्वतःचा शब्द ऐकायचा असेल तर मराठीत त्याची सोय आहे. बाबा पदमनजींचं 'अरुणोदय' वाचा. १८५४ साली बेळगावला बाप्तिस्मा घेण्याआधी हा माणूस वर्षानुवर्षं वाचतो, शंका काढतो, परमहंस सभेत जातो, घाबरतो, मागे फिरतो. लक्ष्मीबाईंचं वाचा. नवरा ख्रिस्ती झाल्यावर पाच वर्षं त्या झाल्या नाहीत. आधी सोवळं-ओवळं मनातून गेलं, मग धर्म बदलला, आणि ते कुणी पटवलं म्हणून नव्हे. पंडिता रमाबाई बाप्तिस्मा घेऊनही आयुष्यभर मिशनऱ्यांशी वाद घालत राहिल्या, आणि शेवटची वर्षं मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणण्यात घालवली. ही माणसं कुणाच्या चिकाटीचं फळ नाहीत. ती स्वतःच चिकट होती!

उणीवही सांगायला हवी. चर्चमध्ये आलेल्यांबरोबर जातही आत आली. पंक्तीत आली, लग्न जुळवताना आली. खुंटाचा गुण म्हणा. आकड्यांची वाढ दाखवणाऱ्या अहवालांना हे दिसत नाही, कारण आकडा माणसाच्या शेजारी कोण बसलं ते सांगत नाही. या प्रश्नावर आधीच्या पिढ्यांतल्या ख्रिस्ती माणसांनी जी चिकाटी दाखवायला हवी होती ती पुरेशी दाखवली नाही, असं माझं मत आहे. इथे लक्ष्य आणि धीर दोन्ही हवे होते.

मग निष्कर्ष काय? चिकाटी निरुपयोगी? मुळीच नाही. हॉल सहा वर्षांनी कंटाळून गेला असता तर छापखाना राहिला नसता, फॅरारबाई आल्या नसत्या. चिकाटीने फळ मिळत नाही, चिकाटीने फक्त दार उघडं राहतं. दारातून आत कोण येईल आणि काय घेऊन जाईल, ते येणारा ठरवतो. ज्याला हे सहन होतं तोच टिकतो, आणि त्याचंच काम पुढे जातं, मग ते त्याच्या नावावर असो वा नसो. शिक्षकाला हे जास्त कळावं. मीही तेच काम केलं, आणि वर्गात मी शिकवलेलं काय कुणी उचललं याची यादी माझ्याकडे नाही.

आपल्या नवापूर-नंदुरबारकडे आजही ख्रिस्ती वस्त्या आहेत, इथेही मंडळी आहेत. शेजारी आहेत आपले. त्यांच्याकडे बघताना 'कुणी यांना बदललं' हा प्रश्न जरा बाजूला ठेवावा, आणि 'यांनी काय निवडलं, का निवडलं' असं त्यांनाच विचारावं. विचारलं की ते सांगतात.

एका श्रोत्याचा प्रश्न : सर, मग हॉलचं आयुष्य त्याच्या स्वतःच्या मोजमापाने फुकटच गेलं ना?

त्याच्या मोजमापाने, साठ कोटींच्या पट्टीने, हो, जवळजवळ फुकट गेलं. पण माणसाने स्वतःसाठी केलेलं मोजमाप शेवटचं मानायचं का? मरताना त्याला आपला हिशेब तोट्यात दिसला असेल. धोडी-दापूरला त्याला जावजी दादाजी माहीत नव्हते, जोतीराव तर अजून जन्मलेही नव्हते. फळाची आशा सोडून काम करावं हे आपण गीतेचं नाव घेऊन ऐकतो आणि सोडून देतो. या माणसाने फळाची आशा सोडली नव्हती, आणि फळ दिसलं नाही तरी काम सोडलं नाही. ते जास्त अवघड आहे, असं मला वाटतं.